पंकजची घोरपड

मी घोरपड बोलतेय. बिळातली नव्हे. मला चार चाकं आहेत, पोटात मोटर आहे आणि रिमोटच्या इशाऱ्यावर मी दगडांवर चढते. सापगावात माझं नाव काढलंत तर लोक सांगतील, बारकूच्या पोराला खाल्लं तीच ती गाडी. खुशाल म्हणोत. मला माणसांचं चांगलं मत नको आहे. हळहळणाऱ्यांपेक्षा थुंकणारे बरे. ते निदान लवकर निघून जातात.

माझा जन्म दुकानात झाला नाही. पंकज आटगावजवळच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकचे डबे काढणाऱ्या मशीनवर होता. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याच मशीनवरचा त्याचा जोडीदार जगन पंकजच्या घरच्या ओटीवर पोतं अंथरून मला जोडत बसायचे. जगन मुरबाडकडचा, काळू नदीकाठच्या ठाकरवाडीतला. बंद पडलेल्या ड्रिलमधून माझी मोटर आली. भंगारातल्या प्रिंटरच्या दांड्या कापून त्यांनी माझे हातपाय केले. जुन्या पाटीच्या जाड अॅल्युमिनियमचा तुकडा माझ्या पोटाखाली बसवला, दगडावर घासलं तरी आतडी बाहेर पडू नयेत म्हणून. टायर तेवढे नवे, मऊ, आत स्पंज भरलेले.

साध्या गाडीची चाकं वळणावर कमी-जास्त फिरतात. पंकजने माझी चारही चाकं एकत्र जखडून टाकली. त्यामुळे सपाटीवर मी म्हशीसारखी वळते. पण एक चाक हवेत लटकलं तरी उरलेली तीन ओढत राहतात. चढावर मात्र मी मागच्या मागे उलटायचे. वजन पुढे हवं होतं, आणि खाली. मग एकदा जगन आपल्या बापाचं मासे धरायचं जाळं घेऊन आला. त्याच्या कडेचे शिशाचे मणी त्याने सोडवले आणि माझ्या पुढच्या चाकांत भरले.

"बाप विचारील तेव्हा काय सांगशील?" पंकज म्हणाला.

"सांगीन, माशांना जड व्हत होतं."

पंकजचा बाप बारकू खळ्यावरून येता-जाता हे सगळं बघायचा. एकदा थांबला.

"हिला नांगर लागतो?"

"नाय, बाबा."

"भाताचा भारा वाहते?"

"नाय."

"मग करते काय?"

"चढते."

"चढून?"

पंकजने पुढचा स्क्रू आवळायला घेतला. "आपल्या शेरड्या रोज चढतात," बारकू म्हणाला. "त्यांना सेल घालावा नाय लागत." मग त्याने जगनकडे मान वळवली. "आन् हा रं? याच्या वाडीत ओट्या नाय का बांधीत?"

जगन उठला आणि अंगणात जाऊन बसला. पंकजने पोतं, पाने, स्क्रू, सगळं गोळा केलं, मला काखेत मारलं आणि तोही अंगणात गेला. त्या घरातलं वैर तिथून सुरू झालं असं लोक म्हणतात. लोकांना काय, काहीतरी सुरुवात लागते.

काळूच्या पात्रात, वाडीच्या खालच्या अंगाला एक काळा कातळ आहे. वाडीतले त्याला म्हातारा म्हणतात. खाली फुगीर, मध्ये भेगाळ, माथा सपाट. पंकजने मला बांधलं ते त्याच्यासाठी. शिमग्याच्या आधी पाणी उतरलं की दोघे मला घेऊन तिथे जायचे. मी निम्म्यावर जायचे, घसरायचे, पुन्हा जायचे. एका दुपारी मी भेगेत अडकले. पंकजने मला काढायला हात घातला. भेगेत फुरसं होतं.

पुढचं मी फार सांगणार नाही. जगनने त्याला मोटरसायकलवर पाठीशी बांधून मुरबाडला नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात हलवलं, आणि तिथून पंकज परत आला नाही. नेईपर्यंत उशीर झाला होता. उशीर का झाला ते तिघांना ठाऊक होतं. एक गेला, दुसऱ्याला कोणी विचारलं नाही आणि तिसरी मी, मुकी.

बारकूने दवाखान्याच्या दारातच जगनच्या कानाखाली वाजवली. "विष उतरवायला भगताकडं बसवलास ना माझ्या पोराला? तुमची रीतच ती." बारकूने विचारलं नव्हतंच. त्याने ठरवलं होतं. गावानेही मग तेच धरलं.

माती झाल्यावर जगनने मला बारकूच्या अंगणाच्या कडेला आणून ठेवलं आणि आत न येता निघून गेला. रिमोट आणि बॅटरी त्याच्याकडेच राहिली. बारकू कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. पंकजची आई बाईजा उंबऱ्यात उभी होती.

"दिवस व्हऊ द्या आधी," ती म्हणाली. "मग काय तोडायचं ते तोडा."

दहाव्याला भातसा नदीच्या काठी पिंड ठेवले. पंकजच्या कपड्यांबरोबर बाईजाने मलाही पिशवीतून पाठवलं होतं. कावळे उंबरावर येऊन बसले होते, पण एकही खाली उतरेना. बारकू हात जोडून बोलत होता. आईला सांभाळीन. तुझ्या नावानं जेवण घालीन. अर्धवट बांधलेली खोली पुरी करीन. कावळे पंख खाजवत बसले. ऊन डोक्यावरून कललं, भावकीतली माणसं जागा बदलून सावलीत सरकली.

पलीकडच्या काठावर जगन उभा होता. अलीकडे यायची त्याला बंदीच होती. तो तिकडूनच ओरडला, "काका, गाडी म्हाताऱ्यावर चढवीन म्हणा."

"तू तोंड घालू नको मधी," बारकू म्हणाला.

राघो नावाचा भावकीतला वडीलधारा माणूस जवळ सरकला. "बारक्या, पोर उपाशी हाय. म्हण."

बारकूने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या द्वेषाने माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, आणि मलाही तो कधी आवडला नव्हता. "चढवीन," तो दातांवर दात ठेवून म्हणाला.

कावळा उतरला. त्याला भूक लागली होती की पंकज ऐकत होता, ते मला सांगता येणार नाही. बाईजाला सांगता येत होतं.

कुऱ्हाड परत लाकडांत गेली. माझा जीव एका शब्दावर राहिला, आणि ज्याने तो दिला त्याला मी डोळ्यांसमोर नको होते. त्याने मला माळ्यावर गोणपाटाखाली टाकलं. तिथे पावसाळा काढला. उंदरांनी एक वायर कुरतडली. खाली बाईजा नवऱ्याला ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. बोललीच तर एकच: "शब्द कधी पुरा व्हायचा?"

बारकूने पळवाटा शोधल्या. शहापूरला जाऊन दुसराच रिमोट आणला. मी हलले नाही. माझी गाठ एकाच रिमोटशी मारलेली आहे, आणि बॅटरीवाचून तर मी धोंडाच. मग म्हणाला, हाताने उचलून कातळावर ठेवतो, झालं.

"चढवीन म्हणालात, ठेवीन नाय," बाईजा म्हणाली. "असं असंल तर पुढल्या वर्साला देवापुढं नारळाचा फोटू ठेवा."

"मग त्याच्या दारात जाऊ मी?"

"पोर माझं अडकलंय. तुमचं नाक नाय."

म्हसाच्या जत्रेत घोंगड्यांच्या रांगेत तिला जगन भेटला. हे मला ती माळ्याखाली बारकूला सांगत होती तेव्हा कळलं. जगन म्हणाला होता, काकांनी मागितला तर रिमोट देईन. बारकू म्हणाला, मी त्या माणसाकडं काय मागणार नाय. ती म्हणाली, "मग दोघंबी कातळावर या आन् नका बोलू. गाडीला कुठं बोलणं लागतं?"

वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. ते उलटलं असतं तर बाईजाच्या लेखी पंकज कायमचा त्या भेगेपाशी राहिला असता. म्हणून बाईजाला मागे घेऊन बारकू निघाला. मला गोणपाटात गुंडाळून, मेलेलं कोंबडं न्यावं तसं, खाली डोकं वर पाय.

जगन आधीच येऊन बसला होता. त्याने कुरतडलेली वायर जोडली, बॅटरी बसवली. बारकू पाठ करून उभा. मोटर फिरल्याचा आवाज आला तशी बाईजा खाली बसली आणि इतके महिने कोणी न विचारलेलं तिने विचारलं.

"जगन, माझ्या पोरानं काय सांगितलं रे तुला? साप चावल्यावर?"

"साप म्हणालाच नाय, काकी." जगन माझ्याकडे बघत होता. "या पत्र्याला कानस मारायची राहिली व्हती. जोडताना दोघांची बोटं रोज कापायची. हात बाहेर काढला, बोटावर दोन थेंब रगत. म्हणाला, पुन्हा पत्रा लागला. मी हसलो. आमी आणखी खेळवली गाडी, उन्हं उतरेपर्यंत. मग त्याच्या दातातून रगत आलं, तवा मी भेगेत टॉर्च मारून बघितलं."

"भगताकडं?" बारकूने वळून विचारलं.

"कुठला भगत, काका? थेट मुरबाड."

"तेव्हा का नाय बोललास?"

"तुमी बोलू दिलं?"

बारकू माझ्याजवळ आला. त्याने मला उलटं केलं आणि पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर रेघ उमटली. मग पात्रातला एक खरबरीत गोटा उचलला आणि कड घासायला लागला. कड बोथट झाली तरी घासत राहिला. जगनने हात पुढे केला तर म्हणाला, "सोड. माझ्या पोराचं काम हाय."

मग त्याने मला कातळाच्या पायथ्याशी ठेवलं आणि मागे सरकला. "चढव."

मी चढले. पुढची चाकं शिशाच्या वजनाने दगडाला धरून राहिली. भेगेपाशी डावं चाक लटकलं, बाकीच्यांनी ओढलं. एकदा उलटणार असं वाटलं; जगनने मला थांबवलं, जरा मागे घेतलं, कोन बदलला. माथ्यावर पोचले तेव्हा टाळी वाजली नाही. बाईजाने पदराने तोंड पुसलं. एवढंच.

"उतरवतो," जगन म्हणाला.

"राहू दे."

"काका, पावसात जाईल ती."

"जाऊ दे. चढवायचा शब्द व्हता. उतरवायचा नव्हता." बारकू चालायला लागला. थोडं पुढे जाऊन थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "त्याचं बोट तू नीट बघायला पायजे व्हतंस."

"हो," जगन म्हणाला.

"मी बी तुला विचारायला पायजे व्हतं," असं बारकू म्हणेल म्हणून बाईजा थांबली होती. तो म्हणाला नाही. तो सापगावच्या वाटेला लागला, जगन वाडीच्या. जाताना जगनने रिमोट बंद केला. तेवढं मला जाणवलं.

त्या दोघांत आजही बोलणं नाही. मीही कोणाला माफ केलेलं नाही. टायर उन्हाने तडकायला लागलेत, वायरीवर मुंग्यांनी वाट केली आहे. नदी चढेल तेव्हा मला नेईल. ती कोणाला विचारत नाही, म्हणून मला ती चालते. तुम्ही कधी या पात्रातून गेलात आणि कातळाच्या माथ्यावर काही चमकताना दिसलं, तर बघा आणि पुढे जा. कीव करू नका. आणि मला काढायला म्हणून हात घालू नका. मला आता कोणाचाही हात नको आहे.