गादीखालचं पॅकिंग

आमच्या ह्यांना सगळं जग चोर वाटतं. दूधवाला पाणी घालतो, शिंपी कापड मारतो, आणि मेकॅनिक तर जन्मालाच चोरी करायला येतो, असं ह्यांचं पक्कं मत. ट्रॅक्टरखाली डावा पाय गेला, तेव्हापासून तर विचारूच नका.

त्यानंतर ह्यांचा सगळा जीव एका जुन्या विलायती गाडीत. अ‍ॅटोमॅटिक गाडी, क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. कुंभार पिंपळगावच्या शेतापासून अंबडच्या बाजारापर्यंत हे एकटे हिंडायचे, कोणाची मिनतवारी नाही. म्हणून अठ्ठ्याऐंशी साली गाडी चढाला रेटेना आणि खाली तेल सांडायला लागलं, तेव्हा ह्यांच्यापेक्षा जास्त काळजी मलाच लागली. हा माणूस घरात बसला तर आधी माझ्यावर पहारा ठेवील.

जुन्या जालन्यात आमच्या घरासमोरच जहांगीरचं गॅरेज. त्यानं गिअरबॉक्स उघडून सांगितलं, आतल्या दोन लोखंडी भागांमधलं कागदी पॅकिंग कामातून गेलंय, इतक्या जुन्या गाडीचं नवं मिळायचं नाही, जुनं बघून हातानं कापावं लागेल. ह्यांच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. जुनंच धुऊन नवं म्हणून बसवील. त्यात मागं एकदा त्यानं 'गाडी विकायची का' असं विचारलेलं, तेही ह्यांनी जपून ठेवलेलं होतं.

मग हे खुर्ची टाकून गॅरेजातच बसले. मी डबा तिथंच पोचवायचे. जहांगीर हात पुसायला वळला तरी ह्यांची मान त्याच्यामागं वळायची.

दुसऱ्या दिवशी खिळ्याला अडकवलेलं जुनं पॅकिंग गायब. जहांगीरनं सगळं गॅरेज पालथं घातलं. हे खुर्चीतून म्हणाले, "जुनं कशाला पाह्यजे रे तुला? नवं करून राह्यला ना?"

शेवटी त्यानं गिअरबॉक्सच्या लोखंडावरच कोरा कागद धरला आणि हातोडीनं हळूहळू ठोकून कडा उमटवल्या. भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून ठोका दिला की कागदालाही तसंच भोक पडायचं. लोखंडात जितकी भोकं, तितकी कागदात. सगळं जोडून गाडी चालू केली. इंजिन गुरगुरलं, पण गाडी ना पुढं गेली, ना मागं.

'बघा, मी म्हणत नव्हतो?' असा ह्यांचा चेहरा फुलला. पण तो आनंद फार वेळ टिकला नाही.

"शेठ," जहांगीर म्हणाला, "ह्यातलं तेलाचं एखादं भोक कागदानं मुद्दाम बंद ठेवलेलं असतंय. कोणतं, ते जुन्यावरच कळतंय. ते न्हाई भेटलं तर मंग साधा गिअरबॉक्स टाकावा लागंल. क्लचवाला."

हे पायजम्याच्या रिकाम्या पायाकडे बघत राहिले. मी ह्यांना ओळखते. राग असला की बोलतात, गप्प बसले की पोटात काहीतरी असतं. आणि मला आठवलं, सकाळी गादीला ऑइलचा वास येत होता.

घरी जाऊन गादी उचलली. ह्यांच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पॅकिंग, रात्रभर अंगाखाली दबून तुकडे झालेलं. मला हसू आलं आणि रडूही. स्वतःचा उरलेला पाय स्वतःच मोडायला निघाला होता हा माणूस.

तुकडे ताटात घेऊन मी गॅरेजवर गेले. जहांगीरनं ताटाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. तो काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "माझ्या हातून झालं भाऊ. काल डबा न्यायला आल्ते, कचरा समजून उचललं."

"बराबर, भाभी," तो म्हणाला. त्याला काय कळायचं ते कळलं होतं. फुटलेला पापड जुळवावा तसे त्यानं तुकडे जुळवले, बंद असलेली जागा हेरली आणि नवा कागद कापला. संध्याकाळी गाडी चालली.

हे मला शेजारी बसवून अंबडच्या रस्त्याला लागले. चेहरा कसा मोकळा झाला होता. मला वाटलं, आता दोन शब्द गोड बोलतील. गावाबाहेर आल्यावर ह्यांनी गाडी हळू केली आणि समोर बघत विचारलं, "इतकं सफाईनं खोटं बोलायला तू कधी शिकलीस?"

मी पदर सावरून समोरचा रस्ता बघायला लागले. आजच, तेही तुमच्यासाठी, असं खरं सांगून तरी ह्यांना कुठं पटणार होतं.