नऊ फूट पाणी

हरणाबाईची बादली वर आली ती चिखलानं भरून. तिनं ती कठड्यावर आदळली आणि समोर चावडीच्या भिंतीवरच्या फळ्याकडं बोट केलं.

"नऊ फूट लिवलंय न्हवं? मग ह्यो काय हाय?"

फळ्यावरचा नऊचा आकडा नाथाजीच्या हातचा होता. दिवस उगवायला तो विहिरीवर जाई, पाणी मोजी, आकडा लिही आणि खाली सही करी. त्र्याहत्तरचा चैत सरत आला होता. कवठे महांकाळच्या त्या अंगाला पाऊस कसा असतो हेच लोक विसरून गेले होते, आणि गावात पिण्याजोगी एवढी एकच विहीर उरली होती. घरटी दोन घागरी, असं ठरलेलं. नऊ फूट आहे म्हणजे मिरगापर्यंत निभेल, या एका भरवशावर गाव तग धरून होतं.

सरपंच सयाजी आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काल नऊ फूट व्हतं. रातीत पानी गेलं कुठं? हिरीच्या अंगाला इंजिन कुनाचं हाय?"

पाणी ओढायचं ते इंजिन विहिरीलगतच्या रानातल्या सिद्धूचं होतं. दोन महिने त्याचा पट्टासुद्धा चढला नव्हता, पण तहानलेल्या माणसाला कुणीतरी चोर लागतोच. सांजच्याला चावडीवर निकाल करू, असं सांगून सयाजी गेला. नाथाजी कठड्याला धरून उभाच राहिला.

एकोणतीस वर्षं त्यानं मुंबईला, शिवडी बंदरावर तेलाच्या टाक्या मोजल्या होत्या. बोटीतून आलेलं तेल साठवायच्या त्या टाक्या देवळाच्या शिखराहून उंच. गोल जिन्यानं वर चढायचं, वारा पाठीशी घ्यायचा म्हणजे वाफ नाकात जात नाही, झाकण उघडायचं आणि पोलादी टेप सोडायची. टोकाचा पितळी ओळंबा तळाला टेकला की वर ओढून ओल कुठवर लागली ते वाचायचं. बोटभर चूक म्हणजे हजारो लिटरचा घोळ. आकडा चुकलाच तर खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, खरा आकडा लिहायचा आणि सही करायची, सगळ्यांना दिसावं म्हणून. नाथाजीच्या वहीत एकोणतीस वर्षांत एक रेघ नव्हती. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्याजवळ होतं तरी काय!

निवृत्त होताना साहेबानं जुनी टेप त्याला देऊन टाकली. तीच घेऊन तो दोन महिन्यांपूर्वी विहिरीवर गेला, तेव्हा हरणाबाई आडवी आली होती.

"नाना, तुमच्या फितीला राकेलचा वास मारतोय. आमच्या पान्यात न्हाई सोडायची."

तिचंही काही चूक नव्हतं. नाथाजी हसून म्हणाला होता, "न्हाई बुडवत, बाई." टाकीत काळं घट्ट तेल असलं की टेप लडबडते, म्हणून वरची रिकामी जागा तेवढी मोजायची आणि टाकीच्या उंचीतून वजा करायची, ही बंदरावरची रीतच होती. इथंही तो रोज तेच करी. विहीर पन्नास फूट. त्याचा बाप तिच्या खोदाईला होता. आज सकाळी पाणी एक्केचाळीस फुटांवर होतं. राहिलं नऊ.

पण टाक्या आतून धुऊन काढत असत. विहिरीचा गाळ तीस वर्षांत कुणी काढला होता?

भर दुपारी, विहिरीवर चिटपाखरू नसताना, त्यानं सुंभाला दगड बांधून सोडला. दगड त्रेचाळीस फुटांवर रुतला. पाणी दोन फूट, बाकी गाळ. दोन महिने तो गावाला गाळ पाजत होता. खरा आकडा आधी कळता तर अंगात बळ होतं तेव्हाच लोकांनी गाळ उपसला असता. नाथाजी तिथंच उन्हात बसला. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो तसाच सयाजीकडं गेला. सयाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"नाना, गावात तुमच्या शब्दाला वजन हाय. गप ऱ्हावा. मी फळा पुसून टाकतो. लोकं इसरत्यात."

"आन् सिद्धू?"

"त्येचं चार दिवस पानी बंद ऱ्हाईल. मग बघू कायतरी."

संध्याकाळी चावडीपुढं गाव जमलं. सिद्धू मान खाली घालून उभा होता. मागं त्याची बायको अंजना, कडेवर पोर, हातात रिकामी घागर.

"इंजिनाला हात लावला असंल तर हात झडंल माझा," सिद्धू म्हणाला. कुणी ऐकून घेईना. सयाजी निकाल सांगायला उठला.

तेवढ्यात नाथाजी फळ्यापाशी गेला. टेप त्यानं पायरीवर ठेवली, खडू घेतला आणि नवावर आडवी रेघ मारली. खाली दोन लिहिलं. सही केली.

"सिद्धूनं थेंब घेतल्याला न्हाई," तो म्हणाला. "पानी नऊ फूट कवाच नव्हतं. मी गाळ मोजला. चूक माझी हाय."

मागून एकजण पुटपुटला, "ह्येच्या जिवावर बसलो व्हय रं आपुन?" नाथाजीनं ते ऐकलं. टेप पायरीवरच टाकून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण उजाडलं तशी पावलं सवयीनं निघाली. खोरी-पाट्या घेऊन गडी विहिरीवर गोळा होत होते. त्यांत सिद्धूही होता. रांगेत पहिली घागर अंजनाची होती. कठड्यापाशी हरणाबाई उभी होती, हातात त्याची टेप. ओळंबा लख्ख पिवळा दिसत होता.

"चिंचंनं घासलाय, राखंनं बी," ती म्हणाली. "आता तळापातूर सोडा, नाना."

नाथाजीनं वारा पाठीशी घेतला आणि टेप सोडली. ओळंबा पाण्यात शिरला, हलकेच टेकला. वर ओढून त्यानं ओल बघितली. दोन फुटांना बोटभर कमी.

फळ्यावर त्यानं तेवढंच लिहिलं आणि सही केली. रेघ मारलेला नऊ त्यानं पुसला नाही.