दोराच्या खाचा

“मी घरून अंघोळ करून आलेय,” आई फाटकावरच्या डोनातोला ठणकावत होती. “पुन्हा कशाला?”

“आजी, नियम आहे. सेनोटात उतरायचं तर आधी शॉवर घ्यायचा. तुझ्या लेकाला विचार.”

“त्याला काय विचारायचं? त्याला मीच धुतलाय!”

माझ्या व्हॅनमधून आलेले मोंतेर्रे शहराचे पाहुणे खो खो हसले. मी मान खाली घातली. रोज मी लोकांना सकाळी जुन्या माया देवळांचे अवशेष दाखवतो आणि दुपारी पोहायला इथं, जमिनीखालच्या पाण्याच्या या गुहेत, सेनोटात आणतो. आज पुढच्या सीटवर आई होती. तिचा एक डोळा गेलाच आहे. दुसराही नाताळपर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा तिनं समुद्र मागितला नाही. म्हणाली, “आपल्या सेनोटात खाली काय आहे, ते एकदा बघायचंय.”

गावात नळ येईपर्यंत तिनं गुहेच्या छतातल्या भोकातून याच सेनोटाचं पाणी शेंदलं. खाली नुसता काळोख. पोहरा पाण्यावर आपटला, की बायका म्हणायच्या, “पोचला.” खाली उतरायच्या पायऱ्या नंतर झाल्या, त्याही पाहुण्यांसाठी.

सकाळी पाहुणे राजांची कोरीव चित्रं बघत होते, तर ही सावलीत संत्रं सोलत बसली.

“हे राजे पाणी शेंदायचे का रे?”

“नसावेत.”

“मग चल पुढं.”

पाण्याच्या काठावर मात्र तिचा आवाज खाली आला. भोपळ्याच्या वाटीतून आणलेलं साका, मक्याचं पेय, तिनं थोडं पाण्यात ओतलं, आपल्या माया भाषेत पुटपुटत पाण्याच्या धन्याची परवानगी घेतली. मग इपिलावर, तिच्या नेहमीच्या भरतकामाच्या झग्यावर, लाइफ जॅकेट, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. मी तिचा हात धरला. तिनं तोंड पाण्यात घातलं आणि इतकी गप्प झाली की मी घाबरून तिला हलवलं.

“अरे, केवढं आहे हे!” ती नळी काढून म्हणाली. “तळच नाही. निळंच निळं. आणि मी यातून एवढासा पोहरा नेत होते!”

ती उताणी झाली. वर भोकातून उन्हाचा झोत सरळ पाण्यात उतरत होता.

“ती कडा कुरतडल्यासारखी का दिसते रे?”

इतकी वर्षं लोकांना इथं आणतोय, मी कधी वर नीट बघितलंच नव्हतं. दगडाला सगळीकडून खाचा पडलेल्या.

“दोर,” आई हळूच म्हणाली. “माझा. माझ्या आईचा. तिच्या आईचा.”

सकाळपासून मी पाहुण्यांना कोरलेले दगड दाखवत हिंडत होतो.

सगळे बाहेर आले, तरी ती व्हॅनमध्ये बसेना. ओल्या कपड्यांनी वर भोकापाशी गेली, गुडघे टेकून एकेक खाच चाचपत सरकली आणि रामोन नावाच्या झाडाखालच्या खाचेशी थांबली. तिथं तिचं मनगट बरोबर बसलं. पाहुण्यांपैकी कुणीही मोबाइल बाहेर काढला नाही.

उरलेलं साका तिनं खाचेतून खाली सोडलं, डोळे मिटले आणि कान दिला. खालून थेंबांचा आवाज आला.

“पोचलं,” ती म्हणाली, आणि उठवायला हात माझ्याकडे केला.