पत्रा विरुद्ध कपाट

माझ्या बाबांचं लग्न व्हावं अशी माझी फार इच्छा होती. मुलीने असं बोलू नये म्हणतात, पण मी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाणार होते, आणि हा माणूस दुरुस्तीच्या टेबलाशी उभ्या उभ्या पाव खाऊन "जेवलो" म्हणणारा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. नवरी शोधायला लांब जायचीही गरज नव्हती. ती समोरच्याच दुकानात बसायची.

आमचं दुकान डेस्कटॉपचं, समोरच्या बाईंचं लॅपटॉपचं. बाईही एकट्याच राहायच्या. बाई आमच्या मशीनना 'कपाटं' म्हणायच्या, बाबा त्यांच्या मशीनना 'पत्रे'. दिवसभर रस्त्याच्या आरपार टोमणे चालायचे. पण दर दोन-तीन दिवसांनी बाबा केस विंचरून समोर स्क्रूड्रायव्हर मागायला जायचे. आमच्याकडे स्क्रूड्रायव्हरना वेगळा खण होता, तरीही. आणि तिथे जाऊन बोलणं काय? "आहे का? बरं. देतो आणून." की आले परत! मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

एक दिवस घरांचे नकाशे करणारी एक मुलगी दुकानात आली. तिने सरळ विचारलं, "तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा आणि समोरच्या लॅपटॉपमधल्या कार्डाचा नंबर एकच आहे. मग फरक काय?"

बाबा उत्तर द्यायला खास दारात जाऊन उभे राहिले, म्हणजे समोर नीट ऐकू जावं. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! नंबर तोच असेल हो, पण लॅपटॉपमधल्या कार्डाला वीज अर्धपोटी, वारा जेमतेम. जरा तापलं की दमून बसतं बिचारं."

"मूर्ती लहान पण कीर्ती महान!" समोरून आलंच. "आमचं पिशवीत घालून नेता येतं. तुमचं कपाट हलवायला दोन माणसं लागतात!"

"मग होऊन जाऊ दे!" बाबा ओरडले. "उद्या दुपारी, दोन्ही मशीन शेजारी शेजारी. हरेल त्याने वर्षभर रोज दुसऱ्याच्या दुकानात चहा घेऊन जायचा. स्वतःच्या हातचा!"

"कबूल!" बाई इतक्या झटकन म्हणाल्या की बाबाच गडबडले.

मी मात्र धसका घेतला. बाबा जिंकणार हे उघड होतं. डेस्कटॉपचं कार्ड विटेएवढं, तीन पंख्यांचं. लॅपटॉपचं म्हणजे बोर्डाला चिकटलेली चिप. आणि बाबांना जिंकणं पचत नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांना त्यांनी एकदा बुद्धिबळात हरवलं आणि तोच डाव त्यांना आठवडाभर ऐकवला. काका अजून त्यांच्याशी खेळत नाहीत. बाईंना असं ऐकवलं असतं तर संपलाच विषय.

"बाबा, पाया पडते, हरा," मी म्हटलं.

"आकडा तो आकडा," बाबा म्हणाले. "त्यात लबाडी चालत नाही." हे मात्र खरं होतं. गिऱ्हाइकाला त्यांनी कधी एक आकडासुद्धा फुगवून सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्या काकांच्या काउंटरवर दोन्ही मशीन मांडली. बाबा कपाटाच्या मागे वाकून बराच वेळ वायरी लावत बसले. बाईंनी काउंटरची काच खराब होईल म्हणून लॅपटॉपखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला. नकाशेवाली मुलगी आली, रस्त्यावरचे दहा-बारा रिकामटेकडे आले. काका पंच. परीक्षा सोपी होती: स्क्रीनवर जंगल, त्यावरून एक पक्षी उडत जातो, आणि सेकंदाला किती चित्रं निघाली त्याचा आकडा कोपऱ्यात दिसतो. साठ आला तर झकास. तिसाच्या खाली चित्र लंगडायला लागतं.

काकांनी "सुरू!" म्हटलं.

बाबांच्या स्क्रीनवरचा पक्षी उडाला, थांबला, विचारात पडला, पुन्हा उडाला. माझा विश्वासच बसेना. म्हणजे बाई पुढे? तिकडे बघते तर बाईंचा पक्षी हवेतच टांगलेला. त्याचा एक पंख वर गेला होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता. लोक पोट धरून हसायला लागले.

"दोन्ही पेशंट गंभीर आहेत," काका चष्मा सावरत म्हणाले. शेवटी जंगल कसंबसं संपलं आणि त्यांनी निकाल वाचला. "कपाट अकरा. पत्रा बारा."

"हरलो!" बाबांनी उडीच मारली. मी परीक्षेत पहिली आले होते तेव्हाही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

"असं कसं?" बाई तावातावाने पुढे आल्या. "एका आकड्याने कुणी हरतं का? पुन्हा लावा. मीच हरले असणार."

"निकाल म्हणजे निकाल. मी हरलो!"

"मी हरले म्हणते ना!"

हरण्यासाठी भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला शंका आली. मी कपाटाच्या मागे वाकून पाहिलं. स्क्रीनची वायर कार्डात नव्हतीच! ती वरच्या भोकात होती, मदरबोर्डच्या. कार्ड आत बसून माशा मारत होतं. हीच चूक करून येणाऱ्या गिऱ्हाइकांना बाबा फैलावर घेतात. नवशिक्याही दुसऱ्यांदा करत नाही अशी चूक, आणि ती बाबांनी केली होती? मग मी बाईंच्या चार्जरच्या वायरीमागे गेले. वायर भिंतीपर्यंत नीट गेलेली, आणि बटण बंद. लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालला होता, तोही टॉवेलवर गुदमरत. मला आधी हसू फुटलं आणि मग डोळ्यांत पाणीच आलं. आकड्याला देव मानणाऱ्या माझ्या बापाने चहा घेऊन जाता यावा म्हणून आकड्यात लबाडी केली होती.

"लबाड आहात दोघंही!" मी म्हटलं, आणि वायर आणि बटण सगळ्यांना दाखवलं.

बाबांचे कान लाल झाले. बाई टॉवेलची घडी करायला लागल्या, लॅपटॉप वर असतानाच.

"तुम्ही बटण बंद केलंत?" बाबांनी विचारलं.

"आणि तुम्ही वायर चुकवलीत? तुम्ही?"

"काय करणार? स्क्रूड्रायव्हर मागून मागून कंटाळलो होतो," बाबा खाली बघत म्हणाले. "दुसरं निमित्त सुचत नव्हतं."

"माझा एवढासा स्क्रूड्रायव्हर तुमच्या कपाटाच्या स्क्रूला लागत नाही, हे मला कळत नव्हतं होय?" बाई म्हणाल्या. "तरी रोज टेबलावर काढून ठेवत होतेच ना!"

मला तर नाचावंसं वाटत होतं. औषधवाल्या काकांनी घसा खाकरला. "दोघंही हरलेले आहेत. सबब, चहा दोघांनीही न्यायचा. आजपासून." दोघं दोन दिशांना इतक्या लगबगीने गेली की टाळ्या वाजवणाऱ्यांना बाजूला व्हावं लागलं.

मला मात्र राहवेना. शेवटी मीही त्यांचीच मुलगी. वायर कार्डात लावली, चार्जरचं बटण चालू केलं, टॉवेल काढला आणि परीक्षा पुन्हा घेतली. कपाट एकशे दहा, पत्रा ऐंशी. दोन्ही पक्षी झोकात उडाले. बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं!

"बाबा, खरा निकाल लागला!" मी ओरडत बाहेर धावले. रस्त्याच्या अगदी मधोमध दोघं थर्मास घेऊन उभी होती. मागे एक गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकली होती.

"आधी माझा घ्या," बाबा म्हणत होते.

"आधी माझा. गार होतोय."

"बाबा, तुम्ही जिंकलात!"

बाबांनी मागे न बघता हातानेच मला "जा गं" केलं. जिंकल्याची बातमी या माणसाने ऐकूनच घेतली नाही!

नकाशेवाली मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मग मी घेऊ काय?"

"घरी बसून काम असेल तर कपाट, फिरतीचं असेल तर पत्रा," मी म्हटलं. "पण उद्या या. आज दोन्ही दुकानं बंद आहेत."

आणि घरी जाऊन मी निर्धास्तपणे बॅग भरायला घेतली.