साखळीचं दुसरं टोक

नवसू आधीच वळला होता. साखळी हलायच्याही आधी.

भिकानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्याचा विश्वास बसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या बाजारपटांगणात हुतूतूचा सामना होता. मोखाड्याचा नवसू दम धरून जव्हारच्या अंगणात शिरला. समोर तिघांची साखळी होती : डाव्या टोकाला भिका, मध्ये पोश्या, उजव्या टोकाला मंगळू. भिकानं पोश्याचा हात एकदा दाबला. म्हणजे डावं टोक पुढं जाऊन नवसूची वाट अडवणार. नवसूनं त्याच क्षणी अंग टाकलं आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेतून मधली रेघ गाठली. जाता जाता मंगळूच्या खांद्याला हात लावून गेला. मंगळू बाद.

एकदा झालं तर नशीब म्हणावं. त्या दिवशी चार वेळा झालं. दोनदा हात दाबला म्हणजे उजवं टोक पुढं जायचं; तेव्हा नवसू डावीकडून निसटला. जणू पोश्याचा हात दाबला जात होता आणि दुखत होता नवसूला.

जव्हार हरलं. घरी परतताना भिकाच्या डोक्यात एकच गोष्ट होती : खूण फुटली आहे.

जव्हार संस्थानात तेव्हा हुतूतूचे दोन पोसलेले संघ होते, एक जव्हारचा आणि एक मोखाड्याचा. दोन्हींच्या सात-सात गड्यांना दरबारातून महिन्याचा शिधा मिळे, आणि शिध्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या घरांना वेठ माफ होती. एकोणीसशे चोवीसच्या पावसाळ्यात कारभाऱ्यांनी निरोप धाडला, की यापुढं एकच संघ ठेवायचा. दसऱ्याला जो जिंकेल तो. हरलेल्यांनी पुन्हा वेठीला लागायचं.

भिकाला वेठ माहीत होती. संघात येण्याआधी त्यानं अकरा वर्षं साहेबलोकांच्या पेट्या आणि तंबू घाटावर चढवले होते. उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती, ती अजून तशीच होती. भाताची कापणी तोंडावर असताना हाक यायची आणि सगळं टाकून जावं लागायचं. एका वर्षी तो परत आला तेव्हा उभं भात रानडुकरांनी झोपवलं होतं. त्या वर्षी त्याच्या घरानं कंद उकडून खाल्ले. हुतूतू त्याला आवडत होताच. पण तो खेळायचा या गाठीसाठी.

साखळीची युक्ती त्याचीच होती. तारप्याच्या नाचात माणसं एकमेकांना धरून फेर धरतात आणि तारपेवाल्यानं सूर बदलला की सगळी रांग एकदम उलटी फिरते. मामाच्या गावी, सूर्यमाळला, भिकानं सहा हंगाम रांगेच्या पुढं घुंगरांची काठी घेऊन नाच चालवला होता. तीच रांग त्यानं यंदा अंगणात आणली. बोलायचं नाही, नजर फिरवायची नाही. फक्त हात दाबायचा, मधल्यानं तो तसाच पुढं पोचवायचा. हे तिघांनाच ठाऊक होतं.

पोश्या त्याचा चुलतभाऊ. मागच्या पडवीत वाढलेला, भिकाच्या ताटातलं खाल्लेला.

मंगळूची बहीण सोमी मात्र खोडाळ्याला दिली होती. रघ्याला. आणि रघ्या यंदापासून मोखाड्याच्या संघाचा म्होरक्या होता.

यापुढं भिकाला फार विचार करावा लागला नाही, तरी तो करत राहिला. जामसरच्या आपल्या घरात तो भिंतीला टेकून बसे आणि समोरच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघत राही. त्याची बायको रुपी नागली दळता दळता थांबली.

"पाय आवरा तुमचा. टकटक टकटक. कोंबडी अंड्यांवरून उठली."

"कसला पाय?"

"आता कसला म्हणे! काठी सोडून पाच वर्षं झाली, पाय सुटला नाय अजून."

भिकानं मांडी घातली आणि पुन्हा मंगळूचा विचार करू लागला.

गोदा सुकटवाली गावोगाव फिरायची. खोडाळ्याचा बाजार करून ती जामसरला आली, तेव्हा भिकानं तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमचा मंगळू दिसला का गं बाजारात?"

"दिसला की. रघ्याच्या दारात. दोघं उकिडवे बसलेले." गोदानं पदरानं तोंड पुसलं. "मंगळू बोटानं भुईवर रेघा ओढत होता. रघ्या म्हणे, इथं नको, इथं घे. मी गेले तर रघ्यानं पायानं सगळं पुसलं. मी म्हटलं, काय रे, माझ्यापासून काय लपवता? तर हसले दोघं."

"किती रेघा होत्या?"

"मी काय मोजायला बसले? सुकट घेतोस का नाय ते सांग."

भिकानं सुकट घेतली. रुपीला ती नको होती, तरी घेतली.

दुसऱ्या दिवशी तो मंगळूच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला. मंगळू गुडघाभर भातात वाकून तण उपटत होता. भिकाला पाहून सरळ झाला.

"भिकादादा! वाट चुकलास का?"

"परवा खोडाळ्याला गेलेलास."

"हां. सोमीकडं."

"भुईवर काय काढत होतास?"

मंगळूच्या हातातलं तण तसंच राहिलं. "घर," तो म्हणाला.

"कसलं घर?"

"रघ्याचं. पावसानं मागली बाजू बसली. दसरा झाला की नवं उभं करायचं. मेढी कुठं रोवायच्या ते ठरवत होतो."

"मग पुसलं कशाला?"

"गोदाला दाखवलं तर साऱ्या महालाला कळेल, आणि मग लाकूड कुठून तोडणार म्हणून जंगलवाला दारात."  मंगळूचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे तू गोदाला विचारलंस. मला नाय विचारलंस."

"आता विचारतोय ना?"

"आता तू विचारत नायस, दादा. आता तू सांगतोयस."

भिकाला उत्तर पटलं नाही. घर, मेढी, जंगलवाला : सगळं कसं नेमकं बसत होतं. खरं बोलणारा माणूस कुठंतरी अडखळतो, असा त्याचा अनुभव होता.

"दसऱ्याला तू बाहेर बस," तो म्हणाला. "तुझ्या जागी राखीवातला लहान्या खेळेल."

 मंगळूनं तण बांधावर भिरकावलं आणि तो पुन्हा वाकला.

दसऱ्याला जव्हारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पाड्यापाड्यांवरून माणसं उतरली होती. पटांगणाची हद्द राखेनं आखली होती. तीन डाव ठरले होते. बाद झालेला गडी त्या डावात परत यायचा नाही, ज्याचे सगळे गडी आधी संपतील त्याचा डाव गेला. मंगळू आला होता. भिकाच्या डाव्या बाजूला, राखेच्या रेघेबाहेर, गुडघे मिठीत घेऊन बसला होता. हा इथं कशाला आलाय, असं भिकाला वाटलं. आपली हार बघायला?

त्या सकाळीच भिकानं खूण बदलली होती. आता एकदा दाबलं की उजवं टोक, दोनदा दाबलं की डावं. पोश्या आणि लहान्या सोडून तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं.

पहिला डाव जव्हारनं घेतला, कारण भिका स्वतः चढाईला गेला आणि एका दमात तिघांना शिवून आला. पण दुसऱ्या डावात नवसू सुटला. पाच वेळा आला, पाच वेळा साखळी त्याच्यावर झेपावली, आणि पाचही वेळा तो आधीच दुसऱ्या बाजूला वळलेला होता. डाव संपला तेव्हा रघ्या मधल्या रेघेपलीकडून ओरडला,

"काय भिकादादा, नाचतोस छान अजून!"

माणसं हसली. भिकाच्या अंगाची आग झाली. मंगळू बाहेर, खूण नवी, तरी नवसू सुटतो. मग फितूर कोण? त्यानं पोश्याकडे पाहिलं. पोश्या पाणी पीत होता. इतकं पाणी कशाला पितो? लहान्या त्याची नजर चुकवत होता, की नुसता दमला होता? चढाईच्या बुध्याची सासुरवाडी कुठली, ते भिकाला एकदम आठवेना. सातांतला एकेक चेहरा त्यानं तपासला, आणि प्रत्येकात त्याला काहीतरी सापडलं. तेव्हा तो घाबरला.

"दादा."

मंगळू रेघेपर्यंत आला होता. आवाज खाली ठेवून म्हणाला, "तुझी टाच."

"काय?"

"तू पुढं जाणार असलास की आधी डावी टाच आपटतोस. जाणार नसलास की आपटत नाय. काठीवाला वळणाआधी आपटतो तशी. नवसू तुझ्या तोंडाकडं बघतच नाय. तुझ्या पायाकडं बघतो."

भिकानं खाली पाहिलं. पाय धुळीत मुकाट उभा होता.

"रघ्या मूळचा सूर्यमाळचा," मंगळू पुढं म्हणाला. "सहा हंगाम तुझ्यामागं नाचलाय. त्याला कुणी सांगायला हवं का?"

"आणि तुला कधीपासून ठाऊक?"

"आज. इतके दिवस मी साखळीच्या दुसऱ्या टोकाला होतो. नवसूकडं बघू का तुझ्या टाचेकडं? तू बाहेर बसवलंस म्हणून दिसली."

खरं असेल. भिकाला कोंबडी आठवली, रुपी आठवली. पण हेही शिकवून पाठवलेलं असलं तर? आपण टाचेवर लक्ष ठेवायचं, डोकं तिथं अडकवायचं, आणि नवसूनं सगळ्यांना शिवून जायचं. सोमीच्या घरची वेठ चुकेल. बहिणीसाठी माणूस एवढं करणारच.

"आम्ही जिंकलो तर रघ्या वेठीला जाईल," भिका म्हणाला. "सोमीचं घर आहे ते."

"माहीत हाय."

"मग सांगतोस कशाला?"

"तू मला फितूर ठरवलंस," मंगळू म्हणाला. "रघ्यानं नाय. डाग पुसायचा तो तुझ्यापुढंच."

पंचानं हाक दिली. डावाच्या मध्ये गडी बदलायला मुभा होती. भिकानं उजव्या खांद्यावरची गाठ चोळली. मग लहान्याला बाहेर जायला सांगितलं आणि बोटानं उजव्या टोकाची जागा दाखवली. मंगळू आत आला. रघ्यानं मान तिरकी करून हे पाहिलं.

"जुनीच खूण," भिका दोघांच्या मध्ये पुटपुटला. "एक म्हणजे मी. दोन म्हणजे मंगळू." टाचेचं पोश्याला काही सांगितलं नाही. हे एकदाच चालणार होतं, म्हणून शेवटासाठी राखायचं. तोवर टाच नेहमीसारखी पडू दिली, आणि त्याचं मोल मोजावं लागलं.

तिसरा डाव लांबला. मोखाड्याचे गडी गळत गेले. बुध्यानं रघ्यालाही शिवलं. पण नवसूनंही जव्हारचे चौघे नेले. शेवटी मोखाड्याचा एकटा नवसू उरला आणि जव्हारची साखळी : तिघं. नवसू छाती भरून आत शिरला. "हुतूतू हुतूतू हुतूतू." त्याचे डोळे खाली होते. भिकानं आता ते पाहिलं आणि त्याला नवल वाटलं, की हे आजवर दिसलं कसं नाही.

त्यानं पोश्याचा हात दोनदा दाबला. मंगळू जाणार. आणि डावी टाच आपटली, सूर्यमाळच्या अंगणात आपटायचा तशी, खणखणीत.

मंगळूचं मन फिरलं असलं तर आता त्यानं नुसतं उभं राहायचं होतं. एवढंच पुरे होतं. भिकानं श्वास धरला.

"टाच नको बघू!" बाहेरून रघ्या किंचाळला. "नवसू, टाच नको!"

पण नवसूनं उजवीकडे अंग टाकलेलं होतं, आणि तिथं मंगळू आधीच पोहोचला होता. तो आडवा पडला आणि त्यानं नवसूचा घोटा दोन्ही हातांनी धरला. पोश्या वर पडला, भिका त्याच्यावर. "हुतूतू हुतूतू," खालून येत राहिलं, मग "हुतू", मग काहीच नाही.

लोकांनी भिकाला खांद्यावर घेतलं. त्यानं वरून मंगळूला शोधलं. मंगळू मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला होता आणि रघ्याजवळ उभा होता. 

रघ्याचं घर दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी उभं राहायचं होतं. भिका न सांगता खोडाळ्याला गेला. परसात चार खड्डे खणले होते आणि त्यांच्यामध्ये राखेच्या रेघा होत्या. गोदानं सांगितल्या तशाच असाव्यात. रघ्या घरी नव्हता. सोमीनं दारातूनच सांगितलं, की काल हाक आली, कुण्या अंमलदाराचं सामान पोचवायला गेले. पाणी हवं का, हे तिनं विचारलं नाही.

मंगळू मागल्या बाजूला एकटाच एक जाड मेढ रेटत होता. भिकाला पाहून त्याचे हात थांबले.

"एका माणसाचं काम नाय ते," भिका म्हणाला.

"नाय खरं."

भिका वाकला आणि मेढीच्या मागच्या टोकाशी गेला.

"तिथं नको," मंगळू म्हणाला. "तू पुढं हो."

"का?"

"मला तू दिसायला हवास."

 भिका पुढं गेला आणि त्यानं उजवा खांदा लाकडाखाली दिला.