यजमानीणबाईंच्या कानातला कापूस

या, असं लांब खांबाला टेकून नका बसू. पुढे सरका, सतरंजी कोरडी आहे. आज तुम्हांला एका कीर्तनाची गोष्ट सांगतो, आणि एका सहलीचीही. दोन्ही एकाच दिवशी होती, सगळा घोटाळा तिथेच झाला.

मी दिगंबर. कसबा पेठेत खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, वर राहायची जागा. कीर्तनाचं वेड मला लहानपणापासून. बुवा निरूपणाला कोणता अभंग घेणार, या विचारात माझी दुपार जाते. माझी बायको उल्का, तिला हे वेड नाही. पण तिने मला कधी अडवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही तिलाच नावं ठेवाल.

गोष्ट दोन हजार चार सालची. उल्का तेव्हा खराडीच्या एका नव्या कंपनीत जायची. अमेरिकेतले डॉक्टर तिकडे आपापल्या रोग्यांबद्दल बोलून ठेवायचे आणि ही इकडे कानाला हेडफोन लावून ते ऐकून टाइप करायची. रोज आठ तास. कुणी डॉक्टर जेवता जेवता बोलायचा, कुणी गाडी चालवताना. घरी यावं तर बाहेर तांबटांचे हातोडे आणि आत माझ्या कीर्तनाच्या कॅसेटी.

जूनमध्ये एकदा ती जेवताना म्हणाली, "अहो, मला दोन दिवस कुणाचाच आवाज नकोय. पाऊस सोडून."

"माझासुद्धा?"

"तुमचा आधी."

"मग मी येऊ की नको?"

"या. मुके या."

असं लग्नाच्या वाढदिवसाला जायचं ठरलं. आता आमचं लग्न म्हणजे भर श्रावणातलं. दोन्ही घरांचा विरोध होता, म्हणून मुहूर्त वगैरे काही न पाहता नोंदणी कचेरीत उरकलेलं. अठ्ठावीस ऑगस्ट. त्या दिवशी तिथी होती श्रावण शुद्ध त्रयोदशी. उल्का तारीख धरते, मी तिथी धरतो. तिथी दरवर्षी मागेपुढे सरकते, त्यामुळे आमच्या घरी वाढदिवस दोनदा व्हायचा. तिच्या तारखेला आम्ही बाहेर जेवायला जायचो आणि माझ्या तिथीला देवळात. अठरा वर्षं कधी भांडण झालं नाही.

तिने वेल्ह्याच्या पुढे सर्जेरावांकडे खोली सांगितली. सर्जेराव आमच्या दुकानातून बंब घेऊन गेलेले, तेव्हापासूनची ओळख. फोनवर म्हणाले, "या वहिनी. भातलावणी झालीया, पाऊस हाय. आवाज म्हणाल तर बेडकांचा तेवढा." फोन ठेवल्यावर उल्का बराच वेळ हसत होती. रजेसाठी मात्र तिला तीन अर्ज करावे लागले. आपल्याकडे शनिवार उजाडतो तेव्हा तिकडचा शुक्रवार संपत असतो, म्हणून शनिवारची रजा तिथे कुणाला मिळत नसे. पंचवीस वर्षांचा साहेब तिला म्हणाला, "मॅडम, इज इट अर्जंट?" ती म्हणाली, "एकोणीस वर्षं झाली." मिळाली एकदाची.

आणि मी काय केलं होतं? अक्षय्य तृतीयेलाच देवळात जाऊन त्रयोदशीच्या कीर्तनाचं यजमानपद घेऊन ठेवलं होतं. कारण त्या दिवशी कीर्तनाला साताऱ्याच्या वेणूबाई उभ्या राहणार होत्या. सहा वर्षांनी येत होत्या त्या पुण्यात. यजमान जोडप्याने पुढे बसायचं, मध्यंतरात सत्कार करायचा, शेवटी आरती धरायची. म्हटलं, उल्काला आनंदच होईल.

भिंतीवर कॅलेंडर एकच. त्यात अठ्ठावीस आकडा मोठा, त्याभोवती उल्काने लाल वर्तुळ केलेलं. त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरांत त्रयोदशी. एकोणीस वर्षांनी तिथी फिरून त्याच तारखेवर येते, हे मला कळायला हवं होतं. जन्मभर पंचांग बघणारा माणूस मी! पण ती तिचा आकडा वाचत होती, मी माझं बारीक अक्षर. ज्या वर्षी दोघांचा दिवस एक झाला, त्याच वर्षी आमचं फाटलं.

आठ दिवस आधी देवळाचे कार्यवाह सीतारामपंत पाटीवर लिहायला माझं नाव विचारायला आले, तेव्हा उल्का दुकानातच होती. त्यांनी वार सांगितला. ती तशीच वर गेली. बॅग माळ्यावर टाकल्याचा आवाज तेवढा आला.

मग माझी धावपळ सुरू झाली. शुक्रवारच्या यजमानांना म्हटलं, वेणूबाईंसकट दिवसाची अदलाबदल करू. ते म्हणाले, पाहुण्यांना आमंत्रणं गेली. रविवारच्यांकडे वडिलांची पुण्यतिथी. सीतारामपंतांना विनवलं, तर म्हणाले, "दिगंबरराव, ही देवळाची पाटी आहे, तुमच्या दुकानाची नाही, रोज नवा भाव लिहायला. यजमानपद सोडा हवं तर. मी बाईंना कळवतो, यजमान सहलीला जात आहेत, आपण साताऱ्याहून दमून येण्याचं कारण नाही."

सोडता आलं असतं. ते मी सोडलं नाही, हे तुमच्यापासून कशाला लपवू? मला वेणूबाई ऐकायच्या होत्या.

उल्काला म्हटलं, "कीर्तन साडेचारला सुरू, सातपर्यंत आटपेल. मग निघू."

"शेवटची एसटी साडेसहाची. मला वेळापत्रक पाठ आहे."

"गाडी भाड्याने सांगू." तीन ठिकाणी विचारलं. अंधारात, त्या पावसात, त्या रस्त्याला कुणी तयार होईना. माझ्या स्कूटरवर तिला घाटातून न्यायची छाती मला नव्हती. "मग तू पुढे जा, मी रविवारी सकाळी येतो."

"लग्नाचा वाढदिवस एकटीने? आणि आरतीला शेजारी कोणाला उभं करणार, बंबाला?"

शनिवारी ती देवळात आली. नऊवारी नेसून, माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत. यजमानांच्या बरोबर डोक्यावर खांबाला लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेला. वेणूबाई सत्तरीच्या, आवाज बारीक पण सुरेल, तो कर्ण्यातून पत्र्यावर खडे पडल्यासारखा येत होता. मी माना डोलावत होतो. मध्यंतर झालं. बुक्का लावला, मी हार दिला, उल्का बाईंना कुंकू लावायला वाकली. बाईंचं लक्ष तिच्या कानाकडे गेलं.

"हे काय गं?"

"कापूस."

मागच्या बायका फिसकन हसल्या. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"इतकं वाईट गाते मी?"

उल्काने दोन्ही कानांतला कापूस काढून मुठीत धरला. म्हणाली, "नाही हो बाई. तुमचा राग नाही. तीन वर्षं मी दिवसभर परक्या लोकांचे आजार ऐकते. आज आम्ही पाऊस ऐकायला जाणार होतो. ते हुकलं." मी तिच्याकडे बघायचंच टाळलं.

बाईंनी तिला विचारलं, "गाडी किती वाजता?"

"साडेसहा."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "सीतारामपंत, भोंगा बंद करा. ज्यांना ऐकू येणार नाही त्यांनी पुढे सरकावं."

पुढचं सगळं कीर्तन त्या कर्ण्याशिवाय गायल्या. लोक सरकत सरकत पार आमच्या गुडघ्यांपर्यंत आले. तबलजीने हात हलका केला. बाईंच्या दोन ओळींच्या मधे सभामंडपाच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. कान उघडे ठेवून उल्का बसली होती. आख्यानातला गरीब ब्राह्मण राजवाड्याच्या दारात पोचतो न पोचतो, तोच बाईंनी त्याला परत घरी पाठवून दिलं. एवढं लांबलचक आख्यान वीस मिनिटांत! आरती झाली. तबक माझ्या हातातून काढून घेत त्या म्हणाल्या, "पळा आता."

पळालो. स्वारगेटला पोचलो तेव्हा गाडी फाटकातून बाहेर पडत होती. मी हात केला, ओरडलो. थांबली नाही. दोघंही चिंब. उल्का बाकावर बसली आणि म्हणाली, "असू द्या. एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळेल ना, तेव्हा बघू."

रविवारी पहिल्या गाडीने गेलो. सर्जेराव ओट्यावर उभेच होते. "वहिनी, काल यायचं हुतं! काय पाऊस झाला काल! आज बघा, लख्ख उघडलंय." खरंच, ऊन पडलं होतं. शेतात पाणी चमकत होतं. उल्का ओट्यावर बसली. मी तिच्याशेजारी पाच तास मुका बसलो. जन्मात पहिल्यांदा. दुपारी निघायच्या आधी एक सर आली, पाऊण तासाची असेल. उल्काने डोळे मिटले. मी श्वासदेखील हळू घेत होतो. मग चारची एसटी भोंगा वाजवत आली.

दोन दिवस मागितले होते तिने. पाऊण तास मिळाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या श्रावणात देवळाच्या पाटीवर वेणूबाईंचं नाव नव्हतं. सीतारामपंतांना विचारलं, तर म्हणाले, "एका बाईच्या कानासाठी दोनशे माणसांचं कीर्तन गुंडाळलं त्यांनी. लोकांची तक्रार आली." तेव्हा मी बोलायला हवं होतं. यजमान मीच होतो. मी मान हलवली आणि दुकानात येऊन बंब घासत बसलो. त्यानंतर त्यांना पुण्यात कुणी बोलावल्याचं मी ऐकलं नाही. गेल्या साली साताऱ्याहून कळलं, बाई गेल्या.

म्हणून तुम्हांला हात जोडून सांगतो. तुमच्या गावी कीर्तन असेल आणि डोक्यावर कर्णा कडकडत असेल, तर बंद करायला सांगा, थोडे पुढे सरकून बसा, आणि साताऱ्याच्या वेणूबाईंची आठवण ठेवा.