मी पावसाची अर्धी बाटली

मी पावसाची बाटली बोलतेय. आधी मला नीट उभी करा; आडवी झाले की जिवाला घोर लागतो.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून गवतात गुंडाळून मी बुऱ्हाणपूरला आले, इतवारा मोहल्ल्यातल्या प्रभाकर मास्तरांच्या घरी. त्याच सुमारास मास्तरांशी लग्न होऊन मालती या घरात सून म्हणून आली. तिलाही कुठे ठेवायचं ते अजून ठरत नव्हतं.

महिनाभराचा पाऊस माझ्यात साठवून प्रयोगशाळेला पाठवायचा, हे काम मास्तरांनी तिला समजावलं. "पाण्यात हलकं पाणी असतं तसं जडही असतं. बूच सैल राहिलं की हलकं आधी उडून जातं. उरलेल्याचा भरवसा नाही. जड किती, हलकं किती, त्यावरून पाऊस कुठल्या समुद्रावरून आला याचा माग लागतो. आजचा कळला, तर गुहेत पाणी ठिबकून झालेल्या दगडांवरून हजारो वर्षांपूर्वीचाही ताडता येईल."

"म्हणजे पावसाचं माहेर शोधायचं," मालती म्हणाली.

भाषेवरून नवी राज्यं नुकतीच झाली होती. ओट्यावर रोज वाद, आपण इकडचे की तिकडचे. त्या गलक्यातून मालती गुपचूप गच्चीवर जाई, पाऊस मोजायच्या मापातलं पाणी माझ्यात ओती, बूच दाबून बसवी. या घरात तिच्या एकटीचं म्हणावं असं तेवढंच काम होतं.

"आमची सून पावसाले कुलूप लावते," सासू मनकर्णाबाई शेजारणीला सांगत.

महिना संपला. मी अर्धी भरले होते. मास्तर मला घेऊन गाडीला निघणार होते, त्या सकाळी मालती मला घ्यायला आली, तर मी गळ्यापर्यंत भरलेली आणि कपाळाला कुंकू.

"आत्याबाई, हे काय?"

"अर्धं भांडं घेऊन कोनी घराबाहेर निघतं का बाई? भरून दिली. जमिनीखालच्या कुंडी भंडाऱ्याचं गोड पानी आहे, नदीचं थोडीच टाकलं."

ढगातलं कोणतं, जमिनीतलं कोणतं, मलाच कळेना.

मास्तर हळूच म्हणाले, "जाऊ दे. महिना कोरा गेला तर आपल्याकडचं काम काढून घेतील. कोणाला कळतंय?"

मालतीने मला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "ते यालाच आपल्याकडचा पाऊस समजतील," ती म्हणाली. "कायमचा." मग सासूकडे वळली. "आत्याबाई, तुम्हीच हे ओतून टाका."

मनकर्णाबाईंनी मला मोरीत पालथं केलं. "आता रिकामीच धाडणार? बरं दिसतं का ते?"

"नाही दिसत," मालती म्हणाली. सवयीने तिने बूच गच्च दाबलं आणि माझ्या अंगावरच्या कागदावर लिहिलं: या महिन्याचं पाणी नाही, घरचं मिसळलं.

प्रयोगशाळेतले साहेब ते वाचून आधी हसले, मग त्यांनी पुन्हा वाचलं. मला फळीवर मागे सारलं आणि बुऱ्हाणपूरला दुसरी बाटली पाठवली. ती परत आली ती अर्धीच. तिने सांगितलं, आता मनकर्णाबाई गच्चीच्या जिन्यात बसतात आणि मापाजवळ कोणाला फिरकू देत नाहीत.

मला मात्र कोणी पुन्हा भरलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, रिकामी समजून माझं बूच काढू नका. आत त्या सकाळची बुऱ्हाणपूरची हवा आहे. आपल्यालाही कोणी माहेर विचारेल म्हणून ती अजून येरझाऱ्या घालतेय.